सगळ्यात नव्या तारखेचा नकाशा

सोमवार, ४ मार्च

देवा, सकाळी तुझ्यापुढे दिवा लावताना ठरवलं होतं की आज चिडायचं नाही. चहा होईपर्यंत टिकलं.

बाहेरच्या खोलीत यांचा कॉम्प्युटर टकटक करायला लागलाय. आत बसून कोणी नखाने पत्रा वाजवतंय असा आवाज. हे कान लावून बसले आणि म्हणाले, "डिस्क चालली." चालली म्हणजे कधीही बंद पडेल आणि आतलं सगळं जाईल. सगळं म्हणजे यांनी आजवर काढलेले घरांचे नकाशे. भिंतीतून पाइप कुठून गेलाय, वर मजला चढवायचा तर भार कोणत्या खांबावर, हे घरमालकाला माहीत नसतं, त्या डिस्कला माहीत असतं. कागद ठेवायला जागा नाही म्हणून जुने कागद केव्हाच रद्दीत गेले.

नवी डिस्क आणून ठेवलीय, तीही कधीची. मी आठवण केली की "बघू". आज बघायची वेळ आली, तर आता विचार कशाचा, तर सामान हलवायचं कशाने याचा. माउसने उचलून इकडून तिकडे टाकता येतं हे मलाही कळतं. दहावी झालेय मी. पण यांना ती काळी खिडकी हवी, जिच्यात हुकूम टाइप करायचे. म्हणे फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी फोल्डर, एवढं झाड मुळासकट हलवायचं तर हत्यार नीट निवडायला हवं. एका हत्याराचं नाव सीपी, एकाचं आरसिंक. दुपारपर्यंत नुसती निवड. स्थळं बघताना माझ्या वडिलांनीही एवढा वेळ लावला नव्हता, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

वर मला शेजारी बसवून घेतलं. "तू वाच, मी टाइप करतो." मी काय यांची कारकून आहे? वरण अर्धं शिजलेलं ठेवून बसले.


मंगळवार, ५ मार्च

सकाळी म्हणाले, माउस बिघडलाय, नवा आणायला हवा. माउस ड्रॉवरमध्ये टाकून दिलेला. मी काढला, पुसला, लावून पाहिला. बाण पळतोय की सुरळीत. चांगली वस्तू टाकून नवी आणायची ही कुठली रीत? मी म्हटलं, "हा काय, चालतोय." तर म्हणाले, "मला नाही जमत त्याच्याबरोबर." माउसशी काय संसार करायचा होता?

त्या काळ्या खिडकीतली अक्षरंही एवढी मोठी करून ठेवलीत की दुकानाच्या पाटीवर शोभतील. एका ओळीत धड चार शब्द मावत नाहीत. मी विचारलं, हे कोणासाठी? म्हणाले, "तुझ्यासाठी. तुला वाचायला बरं." माझा चष्मा उत्तम आहे. उपकार माझ्यावर कशाला चढवायचे?

आणि एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तोंडाने बोलले तर भांडण होईल. हल्ली माझ्याशी बोलताना हे माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघतात. इतकी वर्षं झाल्यावर बायकोचा चेहरा नकोसा होत असेल, तर देवा, निदान तसं स्पष्ट सांगायची बुद्धी दे त्यांना.


गुरुवार, ७ मार्च

यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भावजी, संध्याकाळी आले. बँकेत कॉम्प्युटर सांभाळतात. आल्या आल्या म्हणाले, "दादा, सीपी मार आणि मोकळा हो. झाड हलवायला दोन अक्षरं पुरतात. आरसिंक म्हणजे चार पायऱ्या चढायला क्रेन."

हे म्हणाले, "मला तारखा हव्यात. कॉपीवर मूळच्या तारखा राहिल्या पाहिजेत."

ते का, ते लिहून ठेवते. आमच्या ह्यांची कामाची पद्धत जगावेगळी. नकाशा बदलला की जुना पुसायचा नाही, कारण गिऱ्हाईक फिरून पहिल्यावरच येतं. नंबरही घालायचा नाही. मग एकाच फोल्डरात "जिना", "जिना नवा", "जिना शेवटचा", "जिना शेवटचा नवा". कोणता खरा? ज्याची तारीख सगळ्यात नवी तो. मी कितीदा म्हटलं की नंबर घाला. मी धान्याच्या डब्यांनासुद्धा चिठ्ठ्या लावते. पण यांना कमीपणा वाटतो, म्हणे मी एका नजरेत ओळखतो.

मग एक छोटं फोल्डर घेऊन सीपीने कॉपी करून पाहिली. गॅसवर दूध होतं. हे मला म्हणाले, "तारखा वाच. जुन्याच आहेत ना?" दूध वर यायला लागलं होतं. मी उठता उठता म्हटलं, "हो हो, आहेत."

भावजी फोनवर बोलत दारात उभे होते. कॉम्प्युटरचा पडदा यांच्या नाकासमोर होता. एवढी खात्री हवी होती तर स्वतः बघायचं. पण नाही, बायको उठबस करायला आहेच.


शुक्रवार, ८ मार्च

झालं. रात्रभरात सगळं नव्या डिस्कवर गेलं. भावजींनी कामावर जाता जाता नवी डिस्क कॉम्प्युटरच्या पोटात बसवली. जुनी काढून मी भंगाराच्या टोपलीत टाकली. भंगारवाला आला होता, पण त्याने सांगितलेला भाव ऐकून मी त्याला परत पाठवला. म्हटलं, पुढच्या वेळी शुद्धीवर ये.

घरात टकटक नाही. किती बरं वाटतंय. आज दिव्यापुढे जरा जास्त वेळ बसले.


मंगळवार, १२ मार्च

कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला होता. घर वाढवतोय, जिन्याचा नकाशा न्यायला आला. त्याच्या आईचे गुडघे गेलेत, म्हणून यांनी मागे जिना बदलून दिला होता. पायऱ्या बुटक्या, मध्ये दम खायला चौक. म्हातारीने स्वतः इथे बसून सगळं सांगितलं होतं.

हे म्हणाले, "सगळ्यात नव्या तारखेचा काढ." मी यादी लावली, सगळ्यात वरचा काढला, प्रिंट यांच्या हातात दिली. यांनी कागद खिडकीकडे नेला, वाकडा केला, सरळ केला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाच." बेकरीवाला गुंडाळी काखेत मारून गेला. जाताना गरम पाव ठेवून गेला. भला माणूस.

मला फक्त एवढंच खटकलं की त्या यादीत सगळ्यांचीच तारीख आठ मार्च दिसत होती. म्हटलं, असेल काही नवीन पद्धत. विचारलं नाही. विचारलं की व्याख्यान मिळतं.


बुधवार, २० मार्च

अंगाचा तिळपापड झालाय. अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी बेकरीवाला आणि त्याचा गवंडी, दोघं भांडतच आत आले. जिना ओतून झालाय. उंच, सरळ, मध्ये चौक नाही. म्हातारी पहिल्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली म्हणे, "हा जिना आहे की मला वर पोचवायची सोय?"

बेकरीवाला गवंड्याला बोलत होता, "तुला डोकं नाही." गवंडी म्हणत होता, "डोकं नाही म्हणूनच कागदावर आहे तेवढंच ओततो." कागद त्याने टेबलावर पसरला. हे त्या कागदावर वाकून बसले. गवंड्याला शिव्या पडतायत आणि यांच्या तोंडून शब्द नाही.

मी पुढे झाले. मला नकाशे काढता येत नाहीत, पण चौक आहे की नाही हे कोणालाही दिसेल. नव्हता. मी म्हटलं, "त्याला बोलू नका. कागदच आमच्याकडून चुकीचा गेला."

बेकरीवाला थंड झाला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाला, "वहिनी, हा चुकला तर बाकीचे खरे कशावरून? माझ्या मेहुण्याच्या घराचे खांब यांच्याच नकाशावर उभे राहणार आहेत."

ते गेल्यावर मी यांना सोडलं नाही. "हातात धरून, उजेडात नेऊन हाच म्हणालात. डोळे कुठे ठेवले होते तुमचे?" हे भिंतीकडे बघत राहिले.

मग मी यादी उघडली. जिन्याचे सगळे नकाशे, सगळ्यांची तारीख आठ मार्च. दुसरं घर उघडलं, आठ मार्च. तिसरं, आठ मार्च. सगळं काम एका दिवसात झाल्यासारखं. सीपीने सामान हलवलं, पण प्रत्येक वस्तूवर त्या दिवसाची तारीख मारून. डबे जागेवर, चिठ्ठ्या सगळ्या सारख्या.

त्या गुरुवारी, दूध वर येत असताना, मी म्हटलं होतं, हो हो, आहेत.

ते मी यांना अजून सांगितलेलं नाही. पण यांनीही बघितलं नव्हतंच ना? मग सगळं माझ्याच माथी का?


गुरुवार, २१ मार्च

जुनी डिस्क टोपलीत होती. खाली खिळे आणि फुटका पंखा, वर ती. भंगारवाल्याने भाव बरा दिला असता तर आज आम्ही संपलो होतो. माझ्या चिकटपणावर हसणाऱ्यांनी हे वाचावं. अर्थात ही वही कोणी वाचणार नाही, देवा, तू सोडून.

भावजींनी ती बाहेरून जोडून दिली. टकटक आता जोरात आहे, आणि मध्येच थांबून पुन्हा सुरू होते, ते जास्त भीतीदायक. भावजींचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "दादा, सीपीलाच एक अक्षर जोडलं की तारखा राहतात. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

हे म्हणाले, "आता सीपी नको. ही डिस्क मध्येच मान टाकणार. सीपीला मग पहिल्यापासून सुरुवात. आरसिंक जिथे तुटलं तिथून पुढे धरतं, झालेलं पुन्हा वाहत नाही. तिच्यात किती दम उरलाय माहीत नाही, तो वाया घालवायचा नाही." आणि मला बजावलं की त्याला एक शब्द जोडला तर इकडे जे नाही ते तो तिकडूनही पुसून टाकतो, तो शब्द या घरात टाइप करायचा नाही.

त्यात एक सोय मात्र मला आवडली. खरं काम करण्याआधी, आपण काय काय करणार ते हा नुसतं सांगतो, करत काहीच नाही. लग्नाआधी पुरुषांना ही सोय असती तर किती बायका वाचल्या असत्या.

आज छोट्या फोल्डरवर करून पाहिलं. या वेळी मी प्रत्येक तारीख बोट ठेवून वाचली. जुन्याच होत्या. यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मला संताप आला. मी म्हटलं, "स्वतः बघा की." हे म्हणाले, "तू बघितलंस ना, मग झालं." तिथे माझी मान खाली गेली, म्हणून जास्तच राग आला.


शुक्रवार, २२ मार्च

हे लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

सकाळी आरसिंक सुरू केलं. दोनदा तुटलं, दोनदा यांनी तोच हुकूम पुन्हा दिला, दोनदा पुढे सरकलं. नावं एकेक करून वर सरकत होती आणि मी वाचत होते. दवाखाना, तळमजला. दवाखाना, गच्ची. न्हाव्याचं दुकान. घसा सुकला. मी म्हटलं, जरा कणीक भिजवून येते. उठताना सवयीने पडद्याचं बटण भिंतीवरून बंद केलं. बघायला कोणी नसताना वीज कशाला जाळायची?

दहा मिनिटांनी हात पुसत आले, तर हे पडद्यासमोर बसलेले. तोंड पडद्याकडे, बोटं बटणांवर. बाहेर लख्ख ऊन आणि समोर पडदा बंद, काळा ठिक्कर. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "आलीस? पुन्हा तुटलं बहुतेक, आवाज थांबलाय. मी हुकूम दिलाय. वाच, काय म्हणतो?"

मी जवळ गेले. हात पडद्यापुढे धरला, यांच्या नाकासमोर, पिठाचा. यांनी मान जरा बाजूला वळवली, भिंतीकडे, आणि मग म्हणाले, "हात का धरलास?"

मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"पडदा बंद आहे."

यांनी बोटं बटणांवरून उचलली. डिस्क पुन्हा वाजायला लागली होती. मधोमध धुकं आहे, म्हणाले. जिथे बघावं तिथेच धुकं. कडेकडेचं दिसतं. चालता येतं, दार दिसतं, माणूस आला कळतं. अक्षर दिसत नाही, रेघ दिसत नाही, माउसचा बाण तर मुळीच नाही. बटणं मात्र बोटांना पाठ आहेत. म्हणून ती काळी खिडकी. तिच्यात निदान टाइप तरी करता येतं, बाण शोधावा लागत नाही.

वर्ष झालं म्हणे. भावजींना माहीत आहे. भावजीच घेऊन गेले होते डॉक्टरकडे.

मी कणीक तशीच टाकून देवासमोर जाऊन बसले. हात जोडले नाहीत. सांगून ठेवते, देवा, आज जोडले नाहीत.


शनिवार, २३ मार्च

भावजींना फोन केला. म्हणाले, "वहिनी, दादाने शपथ घातली होती." मी म्हटलं, "मग आता माझीही घ्या, या घरात चहा मिळणार नाही." फोन ठेवला. तरी बरं वाटलं नाही.

यांना विचारलं. घरातल्या तेलाच्या थेंबाचा हिशोब माझ्याकडे, आणि डोळ्यांचा नाही? म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी खर्च कापायला बसली असतीस. आधी माझं टेबल विकलं असतंस. मला अजून थोडे जिने काढायचे होते."

"इंजेक्शनं सांगितली होती का डॉक्टरने?"

सांगितली होती. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं टिकतं. एक घेतलं, पुढची घेतली नाहीत. का? महाग. मला काय सांगून पैसे मागायचे, हे सुचलं नाही म्हणे.

आधी माझा राग यांच्यावर होता. मग भावजींवर, मग तुझ्यावर. हे ऐकल्यावर तो कुठे न्यावा मला कळेना. या माणसाला आंधळं होणं परवडलं, माझ्याकडे पैसे मागणं परवडलं नाही. मी अशी आहे? मी दुधात पाणी घालणाऱ्याला पकडते म्हणून नवऱ्याच्या डोळ्यांनाही नाही म्हणाले असते? यांना तसं वाटलं, आणि तसं वाटू देणारी मी.

भांडी आपटली. एक कप फुटला. फुटू दे.

मग बाहेरच्या खोलीत गेले आणि यांना सांगितलं, "सीपीने करून पाहिलं त्या दिवशी तारखा मी बघितल्या नव्हत्या. दूध उतू जात होतं. उगाच हो म्हटलं."

हे म्हणाले, "माहीत आहे. तू उठलीस तेव्हा खुर्ची आधी वाजली आणि हो नंतर आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, स्वतः बघा."


रविवार, २४ मार्च

डिस्क काल दुपारी गप्प झाली होती. भावजी आले, दारात उभे राहून विचारलं, "आत येऊ का?" मी म्हटलं, "काम करा आणि जा." डिस्क गार होऊ दिली, उलटी करून ठेवली, पुन्हा जोडली. टकटक सुरू झाली. या आवाजासाठी मी कधी जीव टाकेन असं वाटलं नव्हतं.

हुकूम मी टाइप केला. हे सांगत होते, मी एकेक अक्षर मारत होते. जुनं फोल्डर आधी, नवं नंतर, उलट झालं तर संपलंच, हे मी स्वतःशी मोठ्याने म्हणत होते. झालेलं सोडून तो थेट पुढून चालू लागला. दुपारपर्यंत शेवटचं नाव आलं. मग डिस्कने एक लांब आवाज काढला आणि थांबली. पुन्हा जोडली तर दिसेचना. मधली दोन फोल्डरं आरसिंकला उचलता आली नव्हती, ती गेली. एक पाडलेल्या गोदामाचं, दुसरं कोणाचं ते यांनाही आठवेना.

तारखा मी एकेका घराच्या वाचल्या. सगळं आपापल्या दिवशी. बेकरीवाल्याचा जिना उघडला. सगळ्यात नव्या तारखेचा कोणता, तर "जिना नवा". "शेवटचा" नव्हे, "शेवटचा नवा" नव्हे, "जिना नवा". म्हातारीसाठी यांनी जुनाच उघडून बदलला होता. मला हसू आलं आणि त्याचाही राग आला.

प्रिंट घेऊन मी एकटीच बेकरीत गेले. यांनी "मी येतो" म्हटलं, मी नको म्हटलं. बेकरीवाल्याला सगळं सांगितलं. तारखांचं, माझ्या दुधाचं, यांच्या डोळ्यांचंही. यांना विचारून सांगितलं नाही. वर्षभर यांनी मला विचारलं नव्हतं. तो जिना तोडायचा खर्च आमचा, हेही सांगितलं.

तो हात पिठात घालून उभा होता. म्हणाला, "मग यापुढे नकाशाचं काय?"

"काढतील ते. सांगतील ते. कागदावर रेघ मी बघणार आणि खाली सही माझी. पटत असेल तर मेहुण्याला पाठवा."

"तुम्हाला नकाशा कळतो वहिनी?"

"नाही. पण चौक आहे की नाही ते कळतं, आणि आता मी खोटं हो म्हणत नाही."

तो बराच वेळ प्रिंट बघत राहिला. मागून म्हातारीचा आवाज आला, "अरे, या वेळी मला दाखव आधी. चढायचं मला आहे." त्याने कागद आत नेला. मेहुण्याला पाठवतो म्हणाला नाही, पाठवत नाही असंही म्हणाला नाही.

घरी आले. प्रत्येक फोल्डरात एक नवं फोल्डर करायला घेतलंय, नाव "खरा". त्यात एकच नकाशा. हे कुरकुरले. मी म्हटलं, आजपासून माझी पद्धत. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तेही मी बरोबर, आणि पैसे किती लागतात हा विषय यांनी काढायचा नाही.

संध्याकाळी टेबलाशी बसलो होतो. मी काहीतरी बोलत होते आणि हे पुन्हा माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघत होते. अजून चीड होती, म्हणून तोंडातून गेलंच, "इकडे बघा."

"इकडेच बघतोय," हे म्हणाले. "सरळ बघितलं की तू जातेस. भिंतीकडे बघितलं की थोडी दिसतेस."

म्हणजे वर्षभर मी त्या भिंतीचा हेवा करत होते. राग अजून गेलेला नाही, देवा, तू घाई करू नकोस. मी फक्त खुर्ची थोडी सरकवून घेतली, भिंतीच्या बाजूला.